बोलपाटीच्या चाव्या

हॅलो?… हां ताई, बोल. जरा मोठ्यानं बोल, फोन खांद्यात धरलाय… बाबांची नखं कापतेय. उजव्या हाताची. मूठ सुटतच नाही गं, एकेक बोट उकलावं लागतं.

नाही, आज सुट्टी आहे मला. वॉर्डात उद्या जायचंय.

हो, पाहिलं.

हो, तेही पाहिलं… ताई, ओरडलीस तर मी फोन टेबलावर ठेवीन आणि नखं कापून झाली की उचलीन. तोवर तू टेबलाशी भांड.

…

हां. आता कशी माणसासारखी बोललीस. तर काय पाहिलं मी? मंगळवारी संध्याकाळी तू बोलपाटीच्या, बाबांसाठी बनवलेल्या तुझ्या त्या ॲपच्या, सगळ्या चाव्या काढून घेतल्यास. लोकांनी पाठवलेले बदल आत घ्यायचा हक्क सहा जणांना होता, आता एकट्या तुला आहे. आणि वर दारावर नोटीस चिकटवलीस. थांब, मला पाठच झालीय. ‘यापुढे बाहेरच्यांचे बदल स्वीकारले जाणार नाहीत.’ बाहेरच्यांचे! माझीही चावी काढलीस, म्हणजे मीही बाहेरचीच. सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली, पण बाहेरची.

चुकून नाही काढलीस. एकेका नावावर टिचकी मारावी लागते तिथं. माझ्या नावावरही मारलीसच ना?

हं… हं… अगं ऐक ना… ऐकून तरी… बरं, आधी तू बोल. बोलून घे सगळं.

…

…

झालं? आता मी सांगते. तुला कोणीतरी पत्रातून कळवलं. मी तिथं उभी होते.

मंगळवारी दुपारी, आमच्याच वॉर्डात. क्रेन चालवायचे ते काका आहेत ना, पक्षाघातानं वाचा गेलेले, त्यांना मदतनीस बाई जेवण भरवत होती. ‘अजून देऊ का?’ म्हणाली. काकांनी टॅबवर ‘नाही’चं चित्र दाबलं. आणि आपली बोलपाटी खणखणीत आवाजात म्हणाली, ‘हो.’ त्यांनी परत दाबलं. परत ‘हो.’ बाई आपली भरवतेय. चार घास गेले. पाचव्याला त्यांनी वाटी उचलली आणि भिंतीवर मारली.

हो, भयंकरच. मी कुठं नाही म्हणतेय? ज्या माणसाकडं मोजून दोन शब्द उरलेत, त्यातला एक आपण उलटा करून दिला.

जबाबदार कोण, हे डॉक्टरांनीही विचारलं. मी म्हटलं, मी. लेखी दिलंय तसं… का म्हणजे? बदल पाठवला शिंपीणकाकूंनी, पण आत घेतला मी. पहिलं पान तपासलं आणि जेवणाचं पान न बघता हो म्हणून मोकळी झाले. चूक माझी. काकांच्या खाटेशी गेले माफी मागायला. त्यांनी टॅब ओढून घेतला आणि शोधून शोधून ‘बाहेर जा’ दाबलं. तीनदा.

हसतेस काय? गेले मी बाहेर! तासाभरानं परत गेले, तेव्हा ‘बस’ दाबलं. मग बसले.

नाही, शिंपीणकाकूंना काढायचा प्रश्नच येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही सवय तुला ऑफिसात लागलीय.

काय म्हणालीस?… अडाणी? ताई, हा शब्द परत काढलास तर मी खरंच फोन ठेवीन. ती बाई तीस वर्षं कोट शिवतेय. अर्ध्या बोटाचा फरक पडला तर गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून तोंडावर सांगतं तिला. तुझ्या-माझ्या चुका अशा कोणी तोंडावर सांगितल्यात कधी?

बरं, तिनं काय बदललं ते वाचलंस का तू?… बघितलंस आणि वाचलंस यात फरक आहे.

वाचलं नाहीस ना? मग ऐक. तिच्या नवऱ्याला बाबांसारखाच झटका आला. तो बोलपाटीवर सगळ्याला ‘हो’ म्हणायचा. खिडकी उघडू? हो. लावू? हो. लोक म्हणाले, याला काही कळत नाही आता, विचारू नका. मग एक दिवस जेवणानंतर ताट उचलताना हिच्या ध्यानात आलं की ताटातला उजवीकडचा भाग तसाच आहे. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी हिनं ताट फक्त फिरवलं. आणि तो उरलेलं सगळं जेवला!

हो ना! उजवीकडचं दिसतच नव्हतं गं त्याला! आणि आपलं ‘नाही’ कुठं होतं? उजव्या कोपऱ्यात. त्याला कळत सगळं होतं, फक्त ‘नाही’ म्हणायला जागाच नव्हती… मी? मी तर स्पीच थेरपिस्ट. झटक्यानंतर अर्धी नजर जाते हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण आपल्या पाटीकडं त्या नजरेनं बघायचं मला सुचलं नाही. तुलाही नाही. सुचलं ते शिंपिणीला.

बाबा, हात ढिला सोडा… झालं, करंगळीच राहिलीय.

हां, तर मग ती कोड लिहायला शिकली. दुकानातल्या बेतायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, दोन गिऱ्हाइकांच्या मधे. सहा आठवडे. मला म्हणाली, ‘कापड बेतण्यासारखंच आहे हो, आधी मोजायचं, मग कात्री.’ तिनं पहिला बदल पाठवला तेव्हा तू काय उत्तर दिलंस, आठवतंय? ‘नाही. आधी सूचना वाचा.’ सूचना होत्या कुठं, ताई? तुझ्या डोक्यात! तिथं कशी शिरणार ती?

तुझं म्हणणं कळतंय मला, दर्जा राखायला हवा… हो, हो… पण दर्जा राखायचा म्हणून माणूसच उरू द्यायचा नाही का? पहिल्या वर्षी अकरा जण मदतीला आले होते. आपणहून. तुझ्या एकेका शब्दाच्या उत्तरांनी तीन उरले. तू म्हणालीस, बरं झालं, गाळ गेला.

म्हणाली होतीस. स्वयंपाकघरात, इथंच उभी राहून.

मग मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. गेलेल्या आठही जणांना फोन केले. जेवणाच्या सुट्टीत, रोज एकाला. विकायला-बिकायला काही नव्हतं, नुसतं विचारलं, का गेलात? ते प्रूफरीडर आजोबा आहेत ना, छापखान्यातून निवृत्त झालेले, ते म्हणाले, ‘पोरी, उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या, पण लिहिणाऱ्याला घरी नाही पाठवलं कधी.’ लाजच वाटली मला. त्यांना म्हटलं, आजोबा, एक काम करा, बोलपाटी पहिल्यापासून तुमच्या मशीनवर चढवून बघा आणि जिथं जिथं अडाल तिथं तांबड्या पेनानं लिहून ठेवा. चौदा ठिकाणी अडले. त्यातल्या नऊ ठिकाणी ते चुकले नव्हते, आपण चुकलो होतो.

हो, तेच पान. ‘पहिल्यांदा आलात? या, बसा.’ ते त्या चौदा अडखळण्यांवरून लिहिलंय. तू म्हणाली होतीस, हे काय बालवाडीसारखं.

आणि अजून एक. छोटी कामं मी मुद्दाम बाजूला काढून ठेवायचे. चित्राचा रंग फिका आहे, एक शब्द चुकलाय, असली. मला दहा मिनिटं लागली असती, पण करायचे नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हातात धरायला काहीतरी लागतं ना! आणि तू काय करायचीस? सकाळी चहा पिता पिता यायचीस आणि सगळी उरकून टाकायचीस. वर म्हणायचीस, लोक काही करत नाहीत!

नाही नाही, टोमणा नाही, सरळ सांगतेय… बरं, थोडा टोमणा आहे.

पण आता सव्वीस आहेत, ताई. नर्सबाई, आजोबा, एक रेडिओवर निवेदन करणारा, तो आवाज भरून देतो. निम्म्यांनी आयुष्यात कोडची ओळ पाहिली नव्हती. मी एकच नेम धरला होता. कोणी काही पाठवलं की एका दिवसात उत्तर द्यायचं. नकार असला तरी का ते लिहायचं, आणि पुढं काय करता येईल तेही लिहायचं. एवढंच. जादू नाही काही.

हां, आता आलीस मुद्द्यावर. चूक कशी झाली? शांतपणे ऐक. रागावणार नाहीस ना?… रागाव मग.

पहिल्या पानावर आवाज चित्राला बांधलाय. चित्र कुठंही हलवा, आवाज बरोबर जातो. जेवणाच्या पानावर आवाज जागेला बांधलाय. पहिली जागा ‘हो’, दुसरी जागा ‘नाही’. काकूंनी ‘नाही’चं चित्र डावीकडं, पहिल्या जागी आणलं, आवाज जिथल्या तिथं राहिले. ते पान कोणी लिहिलंय, बघ जरा.

…

हो, तूच लिहिलंयस.

नाही गं, मी त्यासाठी नाही काढलं. मला ठाऊक आहे तू ते कसं लिहिलंस. बाबांना लवकरच घरी सोडणार होते आणि त्यांना पाणी हवंय की नको हे कोणालाच कळत नव्हतं. तीन आठवडे तू कॉटशेजारच्या त्या मोडक्या खुर्चीत बसून लिहीत होतीस. घाईत काही पानं तशी झाली. मला त्याचा राग नाही. पण तुझी घाई समजून घ्यायची आणि तिची चूक म्हणजे हाकलून द्यायचं, हा कुठला न्याय? अगं, चूक तिनं केली नाही, तिनं उघडी पाडली.

आणि दुरुस्त कोणी केली? तिनंच. काका वाटी फेकतात काय, मी फोन करते काय, ती हातातला कोट तसाच टाकून बसली. नर्सबाईंनी वॉर्डातले सगळे टॅब गोळा केले, आजोबांनी एकेक बटण दाबून बघितलं. चाळीस मिनिटांत. तू मीटिंगमध्ये होतीस.

ठिगळ? हो, ठिगळच आहे. बरोबर बोललीस. जेवणाचं पान तेवढं सुधारलं. जागेला आवाज बांधलेली अजून सात पानं आहेत. मला माहितेय. म्हणूनच डॉक्टरांनी टॅब कपाटात ठेवलेत. उद्या दहाला ते येऊन स्वतः बघणार. सगळी पानं नीट असतील तरच परत देणार. तोवर नऊ माणसं मुकी बसलीयत वॉर्डात. क्रेनवाल्या काकांनी काल भिंतीकडं तोंड केलं ते वळवलंच नाही.

तू करशील? आज?… अगं, तू करशील यात शंकाच नाही, हात आहे तुझा. पण कुठं करशील?

‘कुठं’ म्हणजे… सांगते ना. तू चाव्या काढल्यास ना? काढ. आम्ही काल दुपारी नक्कल काढली. अख्ख्या बोलपाटीची. तुमच्या भाषेत काय म्हणता ते, फोर्क. सव्वीसपैकी चोवीस जण तिकडं आलेत. काकूंची दुरुस्तीही तिकडं नेलीय, उद्या वॉर्डात जाईल ती बोलपाटी तिकडचीच.

चोरी?! परवाना कोणी लिहिला, ताई? ‘कोणीही घ्यावं, बदलावं, वाटावं.’ वाचून बघ, खाली तुझंच नाव आहे. माझ्याशी भांडून घातला होतास तू तो. मी घाबरले होते, म्हटलं कोणी वेडंवाकडं केलं तर? तू म्हणालीस, ‘बाबांसारखी किती माणसं असतील, त्यांच्यासाठी दार लावायचं नसतं.’ मी तेच करतेय. तुझ्याकडून शिकले.

हो, तुला न विचारता. तू मला विचारलंस चाव्या काढताना?… मग!

नाही, माघार नाही घेणार. नाही. तू मोठी आहेस म्हणून ताटातलं दिलं असतं, हे नाही देणार. हे माझं नाहीच मुळी द्यायला, तुझंही नाही, ते…

ऐकलंस? ऐकू आलं का? बाबांनी डाव्या हातानं त्यांच्या टॅबवर ‘पुरे’ दाबलं.

बाबा, कोणाला? हिला की मला?… परत दाबलं. दोघींना म्हणतायत वाटतं.

…

रडतेयस का?… नाही तर नाही. सर्दी म्हण.

हं.

हं… नाही गं, असं कोणी म्हणत नाही. मी तर नाहीच नाही. तू लांब आहेस, तुला रोज त्यांची नखं कापता येत नाहीत, आंघोळ घालता येत नाही. म्हणून बोलपाटी म्हणजे तुझा हात, असं तुला वाटतं. ते मला कळतं. आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावला की… हो. कळतं गं. पण काकूंनी तुझा हात काढून टाकला नाही. आता तो तिच्या नवऱ्यापर्यंतही पोचतोय. काल तो म्हणाला ‘नाही’. दिवसभर म्हणत होता. अंथरूण बदलू? नाही. दाढी करू? नाही. ती वैतागलीय आणि सगळ्यांना फोन करून सांगतेय!

हो ये ना. ये. म्हणून तर सांगतेय इतका वेळ. सात पानं आहेत, तुझ्याइतकं भरभर कोणाला जमणार नाही, हे मी काकूंसमोरही कबूल करते.

चावी?… नाही. चावी लगेच नाही मिळणार. आमच्याकडं पहिल्या दिवशी कोणालाच मिळत नाही. तू बदल पाठवायचास, दुसऱ्या कोणीतरी बघायचा, मग तो आत जाणार. मीही तशीच पाठवते कालपासून. चूक केली होती ना.

कोण बघणार? आज काकूंची पाळी आहे.

हो, शिंपीणकाकूच… ताई, दीर्घ श्वास घे. सोड. आता उघड लॅपटॉप… उघडलेलाच आहे? मग कशाला एवढं नाटक?… बरं बरं, गप्प बसते. तू कर. फोन चालू राहू दे, मी पायाची नखं घेते.

…

बाबा, टाच वर. हां.

…

झालं सुद्धा? सातही? वीस मिनिटं नाही झाली! राक्षसीण आहेस. पाठव… आलं. दिसतंय. नाव दिसतंय तुझं, शेजारी ‘पहिलंच योगदान’ असं लिहून आलंय. अगं, ते आपोआप येतं, मी नाही लिहिलं! शप्पथ!

आता थांब. त्यांच्याकडं कोटाचं माप घ्यायला गिऱ्हाईक आलं असेल, वेळ लागेल… सगळे थांबतात, ताई.

…

आलं, आलं उत्तर. वाचते. ‘नमस्कार. तुमचं काम फार सुबक आहे, मला एवढं नीट कधी जमलं नसतं. सातही पानं दाबून पाहिली, आवाज बरोबर येतात. एकच शंका. तुम्ही सगळी चित्रं डावीकडंच कायमची बसवलीत. पण ज्यांना डावीकडचं दिसत नसेल त्यांचं काय?’

…

ताई?

हॅलो? कीबोर्डचा आवाज येतोय… काय करतेयस?

हं. हं… म्हणजे बाजू निवडायची सोय द्यायची?… पहिल्यांदा उघडतानाच विचारायचं?… अच्छा… आणि बदलली तर सगळी पानं एकदम… अगं पण मला काय सांगतेस? मला एवढं खोलातलं कळत नाही. तिनं विचारलंय ना? तिला लिही. तिथंच, तिच्या प्रश्नाखाली. वाट बघतेय ती, गिऱ्हाईक सोडून बसलीय.

‘काकू’ म्हण, चालेल.

ठेवते मी.